गरम पाइप, गार पूल

(दृश्य : घोडबंदर रोड, ठाणे. जानेवारीतली सकाळ. सोसायटीच्या पोडियमवर लहान मुलांचा पूल, पाण्यावर टॉवरची सावली.)

ठाण्याच्या थंडीला पुणेकर हसतात. हसू देत. सकाळी नऊला या पूलमध्ये पाय घालून बघा म्हणावं. (पूल म्हणजे पोहायचा. घोडबंदर रोडवर हे सांगावं लागतं.)

पाणी गार राहण्याचं कारण वर आहे. डिसेंबरच्या शेवटी ठाण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंश चढतो. 75 मीटर उंच टॉवर असेल, तर त्याची सावली उत्तरेकडे जवळजवळ 70 मीटर लोळते. बिल्डरने पूल नेमका तिथेच दिलाय.

पूल छोटाच. 6 मीटर बाय 4, खोली गुडघ्याच्या थोडी वर, 60 सेंटिमीटर. तरी पाणी भरतं 14,400 लिटर, आणि ते एका अंशाने तापवायला साधारण 17 युनिट ऊर्जा लागते. पाच अंश हवे असतील तर 80च्या वर. मीटिंगमध्ये हा आकडा ऐकला आणि विजेच्या हीटरचा विषय तिथेच मिटला.

(दृश्य : क्लबहाऊसची गच्ची. काळ्या पाइपचं वेटोळं.)

क्लबहाऊसच्या गच्चीवर मात्र साडेनऊ ते चार ऊन असतं. सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी 300 मीटर काळा पाइप आणला, जिलबीसारखा गुंडाळला आणि एका टोकाने पाणी सोडलं. दुसऱ्या टोकाखाली हात धरलेला मुलगा ओरडला, ‘काका, चटका बसला!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी थर्मामीटर टाकला. पूल होता तिथेच.

आता हिशेब बघा. एवढ्या लांबलचक पाइपातून पाणी येत होतं मिनिटाला एक लिटर. पहिला चटका पाइपात तुंबलेल्या पाण्याचा. पुढचं पाणी पूलपेक्षा 16 अंशांनी गरम. म्हणजे तासाला 60 लिटर गरम पाणी 14,400 लिटरमध्ये. पूल तासाला एका अंशाचा पंधरावा भागही वर सरकत नव्हता. शिवाय पाइप तापला की तो स्वतःच गच्चीवरचा वारा तापवायला लागतो.

आंघोळीच्या सोलरची गोष्ट वेगळी. तिथे पाणी 55-60 अंशांवर न्यायचं असतं, म्हणून काच लागते, निर्वात नळ्या लागतात. पूलला हवेत 28. दुपारची हवाच 30च्या आसपास. पाइप हवेइतकाच कोमट राहिला, तर त्यातली उष्णता बाहेर जाईल कशाला? काच नको, पेटी नको. पाणी मात्र भरपूर आणि जोरात वाहायला हवं.

(दृश्य : पीव्हीसी पाइपला भोकं पाडताना हात. भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, बसतो.)

उत्तर निघालं द्राक्षबागेतून. सोसायटीतल्या एकांची नाशिककडे शेती. ते म्हणाले, ‘काका, जिलबी सोडा. सबमेन टाका, लॅटरल जोडा.’ लॅटरल म्हणजे ठिबक सिंचनाची बारीक नळी. ही 16 मिलिमीटरची, साधी, ड्रिपर (थेंब सोडणारं तोंड) नसलेली. दहा-दहा मीटरचे शंभर तुकडे, शेजारी शेजारी. दोन्ही टोकांना जाड पीव्हीसी पाइप, हेच सबमेन. भोक, ग्रोमेट, टेकऑफ (लॅटरल जोडायचा छोटा तुकडा), लॅटरल. सगळी मिळून 16 चौरस मीटर काळी चटई, दक्षिणेकडे तोंड करून कललेली. पाणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून शिरतं, वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघतं, म्हणजे प्रत्येक लॅटरलच्या वाट्याला सारखीच वाट येते आणि अडकलेली हवाही वरून निसटते.

जोडणी फिल्टरनंतर आणि क्लोरीनच्या आधी. ऊन उतरलं की पंप बंद. नाहीतर हीच चटई रात्री आकाशाला उष्णता वाटत बसते.

पंप चालू झाला. तासाला 3,600 लिटर. परतणाऱ्या पाण्याखाली हात धरला तर... काहीच नाही. गरम तर सोडाच, कोमटही वाटेना. फरक जेमतेम पावणेदोन अंशांचा. कमिटीतले एक जण म्हणालेच, ‘पैसे पाण्यात गेले.’

पण तासाला जवळजवळ अर्धा अंश पूलमध्ये जमा होत होता.

दिवसभराची कमाई एका रात्रीत जाऊ शकते, आणि जाते ती मुख्यतः वाफेने. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 580 लिटर पाणी एका अंशाने गार करतं. या पूलमधून रात्रीत दोन मिलिमीटर पाणी उडालं, की दोन अंश गेले. म्हणून बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं आच्छादन. माझ्या मते आधी ते घ्यावं, पाइपचं नंतर बघावं. मुलं उतरण्याआधी ते पूर्ण काढायचं, अर्धवट कधीच नाही; खाली मूल अडकू शकतं.

(दृश्य : सकाळी अकरा. काका लॅटरलवरून तळहात फिरवताहेत, हार्मोनियमवरून फिरवावा तसा.)

हे रोजचं. गार, गार, गार... आणि एक गरम. काका थांबतात. गरम लागली म्हणजे तिच्यातून पाणी वाहत नाही. हवा अडकली, नाहीतर कचरा. टेकऑफ सैल करून फुस्स झालं की पुढे.

(दृश्य : मे महिना. पूलवर लख्ख ऊन.)

मेच्या मध्यावर सूर्य ठाण्याच्या थेट डोक्यावर येतो. दुपारी टॉवरची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते आणि पूलचं पाणी नको इतकं तापतं. तेव्हा वॉचमनला सूचना उलट असते : आच्छादन घालू नकोस, पंप रात्री लाव.