हिगोनोकामीला धार लागत नाही? आधी मार्कर घ्या

नमस्कार! हा हिगोनोकामी. जपानच्या ह्योगो प्रांतात मिकी नावाचं शहर आहे, तिथला हा घडीचा चाकू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनतोय. जपानमधल्या शाळकरी पोरांनी कित्येक वर्षं यानेच पेन्सिली तासल्या. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक रिव्हेट आणि पात्याच्या मागे ही शेपटी. हिला चिकिरी म्हणतात. याला लॉक नाही, त्यामुळे धार लावताना अंगठा चिकिरीवर दाबूनच ठेवा. नाहीतर पातं बोटांवर मिटतं.

आता सगळ्यात जास्त येणारी अडचण. तासभर घासलं, तरी चाकू बोथटच. बहुतेक वेळा दगड धारेपर्यंत पोचतच नसतो. पात्याच्या बाजूचा, धारेकडे उतरणारा हा रुंद उतार बघा. दिसायला सपाट आहे, पण नवा चाकूही बरेचदा मधे किंचित फुगीर असतो. उतारावर मार्करने काळं करा, १००० नंबरच्या, म्हणजे मध्यम कणांच्या, ओल्या धारेच्या दगडावर टेकवा आणि चार-पाच हात फिरवा. बघा, वरची शाई गेली, धारेलगत मात्र ही काळी रेघ तशीच आहे. म्हणजे उताराचा फुगीर भाग घासला जातोय, धार नाही. अशा वेळी पातं उचलून कोन वाढवायचा मोह होतो. मी सांगेन, नका उचलू. आडवंच ठेवून ती रेघ जाईपर्यंत घासा. वेळ लागतो, पण हे एकदाच करावं लागतं.

मुठीजवळची धार राहते? मूठ दगडाला अडते आणि पातं कलतं. मूठ दगडाच्या कडेबाहेर ठेवा.

आणि कागद सुरेख कापला, पण दोन पेन्सिलींत धार गेली, तर धारेवर पोलादाची उलटलेली बारीक किनार राहिली आहे. पात्याच्या जाड पाठीकडून धारेकडे नख हलकेच सरकवा, अडकतं. धारेवरून आडवं बोट फिरवू नका! बाजू बदलत, चाकूच्या नुसत्या वजनाने, अगदी हलके हात मारा. मग जुन्या चामडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ओढा.

दगड मधे खोलगट झाला असेल, तर आधी तो सपाट करा. नाहीतर उतार पुन्हा फुगीर होईल.

पातं कार्बन पोलादाचं आहे, गंजतं. लगेच पुसा, रिव्हेटपाशी पाणी मुरतं तिथे तेलाचा थेंब सोडा आणि चार-पाच वेळा उघडझाप करा.