मुठीतला लाल ठिपका

पडद्यावर दिसत आहे ते स्मिथ अँड वेसनचे 642 रिव्हॉल्व्हर. वजन सुमारे 400 ग्रॅम, गोळ्या पाच आणि नळी पावणेपाच सेंटिमीटरची. खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून त्याचा घोडा, म्हणजे गोळीवर आघात करणारा मागचा भाग, आतच झाकलेला आहे. अमेरिकेत कपड्यांखाली शस्त्र बाळगणाऱ्यांच्या पसंतीचा हा छोट्या सांगाड्याचा (जे-फ्रेम) साचा जुनाच. त्यातले पहिले रिव्हॉल्व्हर 1950 साली आले.

आता नळीच्या टोकाकडे पाहा. नेमाची माशी म्हणजे धातूचा एक बुटका उंचवटा आहे आणि मागची खाच वरच्या पट्टीतच कोरलेली आहे. या दोहोंत दहा सेंटिमीटर अंतर धरले, तर जुळवणीतली एक मिलिमीटरची चूक सात मीटरवर सात सेंटिमीटरची होते. त्यात चाप ओढायला पाच किलोंहून अधिक जोर लागतो, म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या बारापट. हात हलणारच.

ओरेगन राज्यात 1994 साली स्थापन झालेल्या क्रिमसन ट्रेस या कंपनीने यासाठी मूठच बदलायचे ठरवले. एक स्क्रू काढला की जुनी मूठ सुटते आणि त्याच जागी लक्ष्यावर लाल ठिपका पाडणारा लेझर असलेली नवी मूठ बसते. शस्त्राला कुठेही छिद्र पाडावे लागत नाही. मधल्या बोटाखाली रबराचे बटण आहे. शस्त्र नीट पकडले की ते आपोआप दाबले जाते, त्यामुळे घाईच्या क्षणी वेगळी कळ शोधावी लागत नाही. किरण उजवीकडून, नळीच्या किंचित खालून निघतो. त्यामुळे किरण आणि गोळी यांच्या वाटा साधारण पंधरा मीटरवर एकत्र येतील असा मेळ कारखान्यातच घातलेला असतो आणि पुढे तो बारीक अॅलन कीने बदलता येतो. त्याहून जवळच्या लक्ष्यावर गोळी ठिपक्याच्या जराशी वर, डावीकडे लागते.

मात्र या ठिपक्याचा खरा उपयोग नेमापेक्षा शिकवणीसाठी आहे, असे आम्हांला चित्रीकरणात वारंवार जाणवले. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून भिंतीवर ठिपका धरावा, आणि मग सावकाश चाप ओढावा. ठिपका थरथरतो, आणि चाप सुटण्याच्या क्षणी खाली डावीकडे झटका खातो. माशीवर नजर ठेवून हा दोष सहसा कळत नाही. भिंतीवर तो लपवता येत नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत आता परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येते, त्यामुळे हा सराव करायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले आहे. घरात भरलेले शस्त्र मुलांच्या हाती लागून दरवर्षी बळी जातात, त्यावर या मुठीत काहीच उपाय नाही.

या दृश्यात ठिपका अचानक नाहीसा झाला. बॅटरी ठीक आहे. शिस्तीप्रमाणे चापापासून दूर, सरळ ठेवलेली तर्जनी नेमकी किरणाच्या तोंडावर आली आहे. बोट जरा खाली घेतल्यावर ठिपका परत दिसतो. बाहेर दुपारच्या उन्हात मात्र तो सात मीटरवरही सापडेना, आणि नेमबाजाने मुकाट्याने त्या बुटक्या माशीवरच नजर लावली.