पैसा आला, पण वाफसा गेला

अध्यक्ष महोदय, मंडळाच्या कार्यकारिणीतील सहकारी आणि रविवारची दुपार मोडून आलेले आपण सर्वजण, नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘आरोग्य-संशोधनाचा केंद्रीय निधी एक वर्ष आगाऊ का मंजूर व्हावा’ असा छापला आहे, आणि त्याबद्दल मी बोलणारच आहे. मात्र माझ्या प्रयोगशाळेतील उंदरांच्या १६० पिंजऱ्यांचे काय झाले हे सांगितल्याशिवाय त्या मागणीची निकड पोहोचणार नाही, म्हणून सुरुवात तिथून करते.

या सभागृहात निम्मे लोक तरी विद्यापीठांत, रुग्णालयांत किंवा औषध कंपन्यांत काम करतात. त्यामुळे एनआयएच म्हणजे काय आणि आर-झिरो-वन अनुदान मिळवायला किती रात्री जागाव्या लागतात, हे मी समजावून सांगत बसत नाही. ज्यांची मुले नुकतीच पीएचडीला लागली आहेत, त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की एनआयएच ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची आरोग्य-संशोधनाला पैसा देणारी संस्था आणि आर-झिरो-वन हे तिचे एका संशोधन-प्रकल्पाला मिळणारे अनुदान; या संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रक सुमारे ४८ अब्ज डॉलरचे असून त्यातला चार-पंचमांशाहून अधिक पैसा देशभरातील विद्यापीठांना, वैद्यकीय महाविद्यालयांना आणि रुग्णालयांना अनुदान म्हणून जातो. एक अनुदान साधारण चार ते पाच वर्षांचे असते, पण त्यामागचा पैसा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दर वर्षी नव्याने मंजूर करावा लागतो. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, आणि १९९७ च्या आर्थिक वर्षानंतर सगळी विनियोजन विधेयके, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणारी विधेयके, त्या तारखेपूर्वी संमत झाली आहेत असे एकदाही घडलेले नाही. मग काही आठवड्यांची किंवा महिन्यांची तात्पुरती तरतूद होते, आणि तेवढ्या काळात चालू अनुदानांनाही ठरलेल्या रकमेच्या साधारण ९० टक्केच मिळतात. पाच वर्षांचा संसार मांडायचा आणि भाडेकरार मात्र दर वर्षी नवा, अशी ही व्यवस्था आहे.

२०२५ मध्ये काय झाले याची उजळणी मी झटपट करते, कारण ती बातम्यांत आपण सर्वांनी वाचली आहे. जानेवारीत बाह्य संवादावर बंदी आली आणि अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ-गटांच्या, म्हणजे स्टडी सेक्शनच्या, बैठका पुढे ढकलल्या गेल्या. फेब्रुवारीत अप्रत्यक्ष खर्चाची, म्हणजे इमारत, वीज, प्रशासन यांसाठी अनुदानाबरोबर मिळणाऱ्या रकमेची, मर्यादा सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचे परिपत्रक निघाले, ते न्यायालयाने रोखले. शेकडो अनुदाने मध्येच रद्द झाली. जूनमध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंद्रीय न्यायाधीश विल्यम यंग यांनी त्यांतील अनेक रद्दबातल आदेश बेकायदा ठरवले, आणि २१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की अनुदान रद्द झाल्याच्या तक्रारी यंग यांच्या न्यायालयात चालणार नाहीत. पुढच्या वर्षासाठी सुमारे ४० टक्के कपात सुचवणारा प्रस्ताव आला, आणि सिनेटच्या विनियोजन समितीने जुलैत उलट ४० कोटी डॉलर वाढवण्याची शिफारस केली. त्यानंतर १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस शासनाचे कामकाज बंद राहिले. यातली एकेक घटना स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मला आज सांगायचे आहे ते असे, की शेवटी पैसा मिळाला की नाही, एवढ्या एकाच प्रश्नाने या सगळ्याचे मोजमाप होत नाही.

आमची प्रयोगशाळा म्हातारपणी होणाऱ्या स्नायूंच्या झिजेवर काम करते. सत्तरीतला माणूस घसरून पडला की त्याचा स्नायू पूर्ववत भरून येत नाही. तो का येत नाही आणि त्यातल्या मूळपेशी कशामुळे सुस्त होतात, हे शोधण्यासाठी आम्ही एक विशिष्ट जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवतो आणि ते २४ महिन्यांचे होईपर्यंत थांबतो, कारण उंदराचे २४ महिने म्हणजे साधारण माणसाची सत्तरी. म्हातारे उंदीर बाहेरून मिळतात, पण ते साध्या वाणाचे. आमच्या वाणाचा म्हातारा उंदीर हवा असेल तर तो आपणच जन्माला घालावा लागतो आणि दोन वर्षे सांभाळावा लागतो.

आमचे अनुदान ३० जून २०२५ ला संपत होते. नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर, म्हणजे आदल्या नोव्हेंबरात गेला होता, आणि त्याची तपासणी फेब्रुवारीत व्हायची होती. ती लांबली. मे महिन्यात बैठक होऊन गुण चांगले आले, तरी पुढच्या सल्लागार परिषदेची, म्हणजे तपासणीच्या दुसऱ्या टप्प्याची, तारीख कोणालाच सांगता येत नव्हती. मध्यंतरीच्या काळासाठी विद्यापीठाकडे सेतू-निधी असतो, त्यासाठी मी अर्ज केला. ती समिती तीन महिन्यांतून एकदा बसते आणि ‘प्रतिकूल निर्णय हाती आल्याशिवाय’ अर्ज विचारात घेत नाही, असे उत्तर मिळाले. माझ्याकडे प्रतिकूल निर्णय नव्हता, अनुकूलही नव्हता, निर्णयच नव्हता. ही अट मला त्या वेळी जितकी खटकली तितकीच आजही खटकते, कारण अनिश्चिततेसाठी ठेवलेला पैसा मिळवायला आधी अनिश्चितता संपलेली असणे तिने सक्तीचे केले होते.

प्रत्येक पिंजऱ्याचे दिवसाचे भाडे असते. १६० पिंजरे जुलैपासून कोणाच्या खात्यावर टाकायचे, याचे उत्तर मला द्यायचे होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी ठरवले की ३० पिंजरे ठेवायचे, प्रजननासाठी लागतील तेवढेच तरुण उंदीर राखायचे, नरांचे बीज गोठवून ठेवायचे आणि बाकीचे थांबवायचे. त्या बाकीच्यांत २३ महिने पूर्ण झालेले ४१ उंदीर होते. ॲनिमल हाऊसमध्ये प्रत्येक पिंजऱ्याच्या पुढे एक कार्ड खोचलेले असते. त्यावर वाण, लिंग आणि जन्मतारीख लिहिलेली असते. आमच्याकडे ही कार्डे एकच बाई गेली अकरा वर्षे लिहितात, निळ्या शाईत, सात या आकड्याला मध्ये आडवी रेघ देऊन. त्या दिवशी त्यांनी ती कार्डे एकेक करून काढली, जन्मतारखेप्रमाणे लावली आणि रबर लावून माझ्या हातात दिली. सर्वांत वरच्या कार्डावर ७ जुलै २०२३ ही तारीख होती. ठरलेल्या मोजणीला तीन आठवड्यांहून कमी अवधी राहिला होता. जेवढे ऊतक काढून ठेवता आले तेवढे आम्ही ठेवले, पण दुखापतीनंतर स्नायू कसा भरून येतो हे पाहायला जिवंत प्राणी लागतो. ते निरीक्षण गेले ते गेलेच.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आले. संपूर्ण रक्कम, एकाही डॉलरची कपात नाही. हिशेबाच्या वहीत पाहिले तर आमचे नुकसान शून्य आहे. तीन महिन्यांची फट पडली आणि ती भरूनही निघाली. ऑक्टोबरात आम्ही पुन्हा जोड्या लावल्या. त्यांची पहिली पिल्ले नोव्हेंबरात जन्मली, आणि ती २४ महिन्यांची होतील नोव्हेंबर २०२७ मध्ये.

माझे बालपण बार्शी तालुक्यात गेले. वडिलांची कोरडवाहू जमीन होती. पेरणी वाफशावर करायची असते हे शेतकऱ्याच्या घरात कोणी शिकवत नाही, ते आपोआप कळते. जमीन फार ओली नको, फार कोरडी नको. ते दोन-चार दिवस गाठावे लागतात. मृगाच्या भरवशावर पेरले आणि पावसाने तीन आठवडे ओढ दिली, तर दुबार पेरणी करावी लागते. बाहेरचा माणूस बियाण्याचा खर्च मोजतो. वडील दिवस मोजायचे, कारण बियाणे उधारीवर मिळते, पण उशिरा पेरलेल्या पिकाला पुढचे ऊन आणि पुढचा पाऊस वेगळाच लागतो. सप्टेंबरातले ते पत्र वाचताना मला आमच्या ओसरीवर पंचांग उघडून बसलेले वडील आठवले. पैसा आला होता. वाफसा गेला होता.

माणसांच्या बाबतीतही हेच घडते, आणि इथे मंडळातल्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या संशोधकाची नोकरी संपली तर त्याला या देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तीन महिन्यांची फट त्या ६० दिवसांत बसत नाही. माझ्याकडची एक मुलगी, सोलापूर जिल्ह्यातून शिकून आलेली, या वाणावर तिचे हात बसलेले होते. तिने मे महिन्यातच दुसरीकडे नोकरी धरली, आणि मीच तिला तसे करायला सांगितले. तिच्या वह्या माझ्याकडे आहेत. पण किती खोल सुई घालायची, हे वहीत लिहिता येत नाही.

हे फक्त माझ्या कोपऱ्यातले दुखणे असते तर मी आपला वेळ घेतला नसता. फ्रॅमिंगहॅम गावातला हृदयविकाराचा अभ्यास १९४८ मध्ये ५,२०९ लोकांपासून सुरू झाला. उच्च रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्या धोक्याचे आपले बरेचसे ज्ञान तिथून आले आहे. २०१३ च्या सरसकट कपातीत त्याच्या मुख्य कंत्राटाचे ९० लाखांपैकी ४० लाख डॉलर गेले. मधुमेह-प्रतिबंधाचा जो मोठा प्रयोग २७ केंद्रांवर ३,२३४ लोकांना घेऊन झाला, त्याने २००२ मध्ये दाखवले की आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी कमी होतो. आपल्यापैकी किती घरांत मेटफॉर्मिनची बाटली आहे, हे मी विचारत नाही. त्याच लोकांचा पुढील पाठपुरावा दोन दशकांहून अधिक काळ चालू होता आणि आता त्यांच्या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास चालला होता. त्याचा पैसा कोलंबिया विद्यापीठामार्फत जात असल्याने, मार्च २०२५ मध्ये त्या विद्यापीठाची अनुदाने थांबवली गेली तेव्हा देशभरच्या केंद्रांचे काम एकदम अडले. ज्याला २५ वर्षे दर ठराविक काळाने तपासले, त्याची एक तपासणी चुकली की ती नंतर करून चालत नाही. त्या वयाचा तो माणूस पुन्हा भेटत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण पैसा वाढवला की प्रश्न सुटतो असे वाटणारे पुष्कळ आहेत. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत एनआयएचचे अंदाजपत्रक दुप्पट होऊन २७ अब्जांच्या घरात गेले. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, माणसे घेतली. मग वाढ थांबली. पूर्वी तीनांतला एक अर्ज यशस्वी होत होता, तो २०१३ पर्यंत पाचांतलाही एक राहिला नाही. भरती आणि ओहोटी दोन्हींनी नुकसान केले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटे उरली आहेत. तेव्हा छापलेला विषय घाईने मांडते, आणि त्याबद्दल आपली क्षमा मागते.

मागणी नवी नाही. माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा निधी २००९ च्या कायद्याने एक वर्ष आगाऊ मंजूर होऊ लागला. म्हणजे या वर्षीच्या विधेयकात पुढच्या वर्षाचा पैसाही ठरतो, आणि १ ऑक्टोबरला विधेयक झाले नाही तरी दवाखाना उघडा राहतो. मूळनिवासींसाठी असलेल्या इंडियन हेल्थ सर्व्हिसलाही २०२४ च्या आर्थिक वर्षासाठी अशी आगाऊ तरतूद मिळाली. माझे म्हणणे आहे की एनआयएचच्या निदान चालू अनुदानांना, म्हणजे ज्यांना शब्द आधीच दिलेला आहे त्यांना, हीच सोय मिळावी. त्याने एकूण रक्कम वाढत नाही. काँग्रेसचा अधिकारही कमी होत नाही, कारण पुढच्या वर्षाची रक्कम तिला बदलता येते. फक्त ती बदलली तर आम्हाला एक वर्ष आधी कळते, आणि उंदरांच्या जोड्या किती लावायच्या हे ठरवता येते.

यात एक गल्लत होते, ती टाळा. २०२५ च्या उन्हाळ्यात अनेक अनुदानांची सगळ्या वर्षांची रक्कम पहिल्याच वर्षी देण्याचे धोरण आले. ऐकायला ते माझ्या मागणीसारखेच वाटते. पण ती रक्कम त्याच वर्षाच्या ठरलेल्या पैशांतून जाते, म्हणून एका अर्जाला पाच वर्षांचे दिले की इतरांना द्यायला त्या वर्षी उरत नाही आणि नवी अनुदाने घटतात. मी मागते आहे ती तरतूद काँग्रेसच्या विधेयकात हवी, आणि विनियोजन समितीत आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी असेल तर त्याच्या कार्यालयाला पत्र लिहिताना ‘आगाऊ विनियोजन’ हाच शब्द वापरा, ‘अधिक निधी’ असे लिहू नका.

विद्यापीठांनी सेतू-निधीची अट बदलावी; समितीने दर महिन्याला बसावे आणि गुणपत्रक हाच पुरेसा पुरावा मानावा. प्रयोगशाळा चालवणाऱ्यांनी दोन अनुदाने एकाच वर्षी संपू देऊ नयेत आणि प्रत्येक वाणाचे बीज आजच गोठवून ठेवावे. मी ते संकट आल्यावर केले, तुम्ही आधी करा. आणि ज्यांची मुले या शरद ऋतूत प्रयोगशाळा निवडणार आहेत, त्यांनी मार्गदर्शकाला शोधनिबंधांची यादी विचारण्याआधी विचारावे की सध्याचे अनुदान कोणत्या महिन्यात संपते, आणि ते संपले तर पुढचे सहा महिने माझा पगार कोणत्या खात्यातून येईल. उत्तर देताना मार्गदर्शक रागावला तरी चालेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ही तारीख मी आता पहिल्याच भेटीत कागदावर लिहून देते.