दोन पिवळ्या गोळ्या

माझ्या तळहातावर या दोन गोळ्या आहेत बघा. दोन्ही पिवळ्या, दोन्ही गोल, दोन्ही लहान. एक फॉलिक ॲसिड, म्हणजे साधं व्हिटॅमिन, गरोदर बायांना देतात ते. दुसरी मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते, आणि रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं.

माझ्या मावशीने ती नऊ दिवस रोज घेतली.

मावशी सक्करदऱ्याला राहते. मे महिना होता, तिचं तोंड आलं. आता नागपूरच्या उन्हाळ्यात तोंड आलं तर कोण घाबरतं सांगा, उष्णता झाली म्हणून आम्ही गुलकंद दिला, सब्जा भिजवून दिला, कूलर तिच्या पलंगाकडे फिरवला. ती म्हणायची, "अवं, पाणी गिळलं तरी आग होऊन राहिली." आम्ही म्हटलं पाऊस पडला की जाईल. मग ताप चढला, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एकदम खाली गेलेल्या. नवीन डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलं वाक्य हेच बोलले, घरी जेवढे गोळ्यांचे पत्ते आहेत तेवढे सगळे घेऊन या. पत्ते बघितल्यावर त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. या औषधावर उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिड देतात, ते सुरू झालं, बारा दिवस ॲडमिट होती. वाचली मावशी.

मला तेव्हा फक्त एक माणूस हवा होता, ज्याच्यावर ओरडता येईल. म्हणून फाईल काढून बसले. संधिवाताच्या आधीच्या डॉक्टरांनी बरोबरच लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा, पण इंग्रजीत आणि दोन अक्षरांच्या लघुरूपात. तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डावर ते दुसऱ्याच कोणीतरी उतरवलं. दुकानातल्या मुलाने पत्ता कैचीने कापून दिला, त्यात गोळीचं नावच कापलं गेलं, वरून दोन्ही पाकिटांवर त्याने पेनाने सारखीच खूण केली. मावशी मराठी शाळेत सातवी शिकलेली. आणि त्या गोळ्या दुकानातून घरी आणल्या कोणी, तर मी. मीपण वाचलं नाही. प्रत्येकाला वाटलं की आधीच्याने बघितलं असेल.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की उपचार घेताना साधारण 10 पैकी 1 रुग्णाला उपचारातूनच काहीतरी इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. 2019 पासून 17 सप्टेंबर हा रुग्ण सुरक्षा दिवस पाळतात तो यासाठीच.

आता आपल्या मेडिकलचा किंवा मेयोचा, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांतला एखादा वॉर्ड डोळ्यासमोर आणा. गडचिरोलीहून आलेला माणूस गोंडी बोलतो, बालाघाट छिंदवाड्याचे हिंदी बोलतात, सिस्टर मराठीत विचारते, केसपेपर इंग्रजीत. एकाच वॉर्डात तीन मेश्राम. गुंगीत असलेल्या पेशंटला "तुम्ही मेश्राम ना?" असं विचारलं तर तो हो म्हणणारच, कारण तो कशालाही हो म्हणतो. म्हणून विचारायचं असतं, "तुमचं पूर्ण नाव काय?" नाव त्याच्या तोंडून आलं पाहिजे, मग केसपेपरवरचा नंबर जुळवायचा, मगच सुई. बेड नंबरवर तर विश्वास ठेवायचाच नाही, सकाळी 14 नंबरला होता तो दुपारी खिडकीपाशी हलवलेला असतो.

ऑपरेशनसाठी 2008 मध्ये याच संघटनेने 19 मुद्द्यांची एक यादी काढली. एक कागद फक्त. भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी थांबायचं, आणि मोठ्याने बोलायचं. पेशंट कोण, ऑपरेशन कोणत्या बाजूचं, ॲलर्जी आहे का, शेवटी कापसाचे बोळे मोजून पूर्ण भरले का. जगातल्या आठ शहरांत, त्यात आपली दिल्लीसुद्धा होती, हे करून बघितलं तर ऑपरेशननंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की त्या एका मिनिटात सर्वात ज्युनिअर सिस्टरपण मोठ्या सर्जनला "सर, थांबा" म्हणू शकते.

पण ती म्हणेल का, हे तिच्यासोबत मागच्या वेळी काय झालं यावर असतं. एखादी सिस्टर स्वतःहून येऊन सांगते की सर, मी चुकीची बाटली लावणार होते, लेबल वाचलं म्हणून कळलं, आणि तिला मेमो मिळतो, तर पुढच्या वेळी कोणीच काही सांगणार नाही, आणि त्या दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या तशाच शेजारी शेजारी राहतील. बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा ना आधी.

औषधांची चिठ्ठी डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावी असा तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलचा नियम 2016 चा आहे, त्यामुळे अक्षर लागलं नाही तर परत विचारणं हा आगाऊपणा नाही. आठवड्याची गोळी असेल तर वाराचं नाव लिहून मागा, पूर्ण, मराठीत. कापलेला पत्ता घेऊ नका, नाव आणि तारीख असलेला भाग मागा. औषधाने त्रास झाला तर 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर पेशंट स्वतः कळवू शकतो.

परवा या व्हिडिओच्या शूटिंगला दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीपाशी उभे होतो, मोठी लाईन, सगळे घामाने निथळलेले. एक आजोबा पाकीट घेऊन निघाले, चार पावलं गेले आणि परत आले. म्हणाले, "बाप्पा, मी सांगतो तुला, तू ऐक. ही पांढरी सकाळी जेवून. ही लाल रात्री. बराबर?" खिडकीतला मुलगा म्हणाला, "नाही आजोबा, लाल पण सकाळीच." त्याने पाकीट परत हातात घेतलं, त्यावर सूर्य काढून दिला. मागची लाईन थांबली होती तेवढा वेळ.