हाऊजीची पिशवी आणि गाळाचा बांध

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याच मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तसल्या खाणीतले १०० टन खनिज दळले, तर हाती साधारण १ टन तांबे लागते. बाकी बहुतेक सारा पिठासारखा बारीक, पाण्यात कालवलेला गाळ. खाणीवर त्याला टेलिंग्ज म्हणतात. तो बांध घालून साठवायचा, आणि तळे भरत आले की बांध चढवायचा. किती चढवायचा, हा आजचा प्रश्न आहे.

त्यासाठी इंजिनिअर सुरक्षा-गुणांक काढतात: बांधाला धरून ठेवणारे बळ भागिले त्याला घसरवू पाहणारे बळ. १ च्या खाली गेला की बांध घसरला, १.५ आला की निर्धास्त, असे आम्हाला शिकवले होते.

माझ्या पहिल्या नोकरीत, एका खाणीवर, माझा गुणांक बरोबर १.५ आला. बांध २ मीटर चढवण्यास हरकत नाही, असा अहवाल देऊन मी गणपतीसाठी इंदूरला, रामबागेतल्या घरी आलो, आणि रात्रीच्या आरतीनंतर मोठ्या तोऱ्यात तो आकडा काकांना सांगितला. काका कापडगिरणीत हिशेबनीस होते. त्यांनी विचारले, "हा दीड किती ठिकाणची माती पाहून काढलास?" मी म्हणालो, "तीन. तिन्हींची सरासरी घेतली." काका म्हणाले, "मी सरासरीने पगार वाटला असता, तर कामगारांनी मला फाटकाबाहेर पडू दिले नसते."

मुलांची हाऊजी नुकतीच आटोपली होती. काकांनी १ ते ९० आकड्यांची ती पिशवी मागवली आणि प्रत्येक आकड्याला मातीची एकेक ताकद नेमून द्यायला लावली: मधल्या ताकदीला पुष्कळ आकडे, टोकाच्या ताकदीला मोजकेच. बांधातल्या पाण्याच्या पातळीचेही तसेच. मग पुतणी पिशवीत हात घालून दोन आकडे काढी, एक मातीचा आणि एक पाण्याचा, मी गुणांक काढी, काका तो वहीत टिपत, आणि आकडे पुन्हा पिशवीत जात. प्रसादाचे मोदक संपले, दोन मुले सतरंजीवरच झोपली, तरी काका २०० फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय उठेनात. २०० पैकी ९ वेळा गुणांक १ च्या खाली गेला. काकांनी त्या ९ खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "आता तुझा दीड कुठे गेला?"

संगणक हेच हजारो वेळा करतो. त्याला माँटे कार्लो पद्धत म्हणतात. १९४६ साली आजारातून उठत असलेल्या स्टानिस्लाव उलाम या गणितज्ञाला ती एकट्याने पत्ते खेळताना सुचली.

मी अहवाल परत घेतला. आणखी ८ ठिकाणी बोअर घेतले, पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर बसवले. गुणांकाची सरासरी १.३ वर उतरली आणि साहेब नाराज झाले. परंतु आकड्यांचा फैलाव, म्हणजे ते सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात ते, ०.३ वरून ०.१ वर आला होता, त्यामुळे गुणांक १ च्या खाली जाण्याची शक्यता शंभरात जवळजवळ ५ वरून हजारात एक-दीडवर आली. पुन्हा सांगतो, १.३ चा बांध १.५ च्या बांधापेक्षा भरवशाचा ठरला. शिवाय एका टोकाचा मऊ मातीचा पट्टा सापडला, तेवढ्याच भागाच्या पायथ्याशी दगडी आधार दिला, नियमातला दीडही भरून निघाला, आणि मग बांध २ मीटर चढला. नवी जमीन न घेता तळ्यात जागा झाली.

वर्तमानपत्रात इंदूरचा सरासरी पाऊस वाचला की मला अजूनही काका आठवतात, कारण सरासरीइतका पाऊस पडलेले वर्ष मी क्वचितच पाहिले आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हटले की लोक निश्चिंत होतात. पण तळे ३० वर्षे वापरायचे असेल, तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात २६ आहे. शंभरात २६, श्रोतेहो.

ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यूच्या बांधाला स्थिरतेचा दाखला मिळून काही महिनेच झाले होते. २५ जानेवारी २०१९ रोजी तो कोसळला आणि २७० माणसे गेली. तिथे नवा गाळ टाकणे तर २०१६ मध्येच थांबले होते. म्हणून तळे वापरात असो वा नसो, दर पावसाळ्यानंतर पिझोमीटर नव्याने वाचून पिशवीतले आकडे बदलावे लागतात आणि साऱ्या फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात.