३०७ च्या जागी ४५४

[दृश्य: लिफ्टवर चढवलेली गाडी, खालून]

ही १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल मालिबू. हिच्यातलं ३०७ घनइंचांचं इंजिन काढून ४५४ घनइंचांचं बसवायचंय. हिचं आयुष्य गेलं अमेरिकेच्या उत्तर भागात, जिथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे इंजिनाआधी गाठ पडते ती गंजाशी. मागच्या काचेखालची पट्टी, डिकीचा तळ, मागच्या चाकांभोवतीचा पत्रा... शेव्हेल सडते ती ठरलेल्या ठिकाणी. लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला की गाडी विकण्यापुरती देखणी होते. इथे सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केलाय. या कामात महिने जातात, पण पडद्यावर दाखवण्यासारखं त्यात फार काही नसतं. तेव्हा पुढे जाऊ.

[दृश्य: तेलकट, पिवळा पडलेला कागद]

पेट्रोलची टाकी उतरवली आणि तिच्या वर हा कागद सापडला. बिल्ड शीट. कोणत्या गाडीत काय बसवायचं, हे कारखान्यातल्या कामगाराला सांगणारी यादी. १९७० च्या शेव्हेलमध्ये या कागदाला फार किंमत, कारण त्या वर्षीच्या चासी नंबरवरून गाडी नामांकित 'एसएस' (सुपर स्पोर्ट, म्हणजे ताकदवान आवृत्ती) आहे की साधी मालिबू, हे कळत नाही. ही साधीच निघाली. ३०७ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक.

म्हणजे मोठं इंजिन घालायला मन मोकळं! अस्सल एसएस असती तर मूळ इंजिन उपटणं हा गुन्हाच ठरला असता.

तसंही, मसल कारचा, म्हणजे मध्यम आकाराच्या पण दांडग्या इंजिनाच्या गाडीचा, जन्मच मुळी नियम वाकवून मोठं इंजिन कोंबण्यातून झालाय. शेव्हरोले आणि पाँटिअॅक या दोन्हींची मालक कंपनी जनरल मोटर्सचा आदेश होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअॅकच्या इंजिनिअरांनी १९६४ च्या टेम्पेस्टमध्ये ३८९ चं इंजिन घातलं आणि त्याला नवी गाडी न म्हणता 'जादा पर्याय' म्हटलं. तीच जीटीओ. पुढे मर्यादा ४०० वर गेली आणि १९७० च्या मॉडेलांपासून उठलीच. त्याच वर्षी शेव्हेलमध्ये ४५४ आलं. त्याच्या एलएस-६ आवृत्तीची जाहीर ताकद ४५० अश्वशक्ती होती, अर्थात सायलेन्सर वगैरे न लावता मोजण्याच्या त्या काळच्या पद्धतीने.

४५४ घनइंच म्हणजे ७.४ लिटर. त्याच काळात कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाटचं अख्खं इंजिन १०८९ सीसीचं. या ४५४ चा एकेक सिलिंडर ९३० सीसीचा आहे, आणि असे आठ.

[दृश्य: चेन ब्लॉकला लटकलेलं इंजिन]

हे इंजिन भंगारातल्या एका जुन्या पिकअप ट्रकचं. ट्रकच्या ४५४ ला ओझं ओढायची सवय, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) कमी. नवे पिस्टन घालून ते साडेनऊच्या आसपास आणलंय. एलएस-६ चं ११.२५ होतं, पण आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर तेवढं कॉम्प्रेशन ठेवलं तर इंजिन ठोकायला (नॉकिंग करायला) लागेल.

खरी गंमत फ्लेक्सप्लेटमध्ये आहे, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणाऱ्या चकतीत. जुन्या ३०७ ची फ्लेक्सप्लेट ४५४ च्या क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) बरोबर बसते, बोल्टची भोकंसुद्धा जुळतात. आणि तिथेच माणूस फसतो. ४५४ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, पूर्ण ४ इंचांची. क्रँकचा तोल साधायला लागणारं सगळं वजन आत मावत नाही, म्हणून त्यातलं थोडं क्रँकच्या पुढच्या टोकाच्या डॅम्पर नावाच्या चकतीवर आणि थोडं मागच्या फ्लेक्सप्लेटवर दिलेलं असतं. जुनी प्लेट लावली तर इंजिन चालू होईल, पण थरथरत राहील आणि शेवटी बेअरिंग खाईल. त्यामुळे ४५४ साठीचीच प्लेट.

मग एकामागून एक सगळंच बदलत जातं. इंजिन सुमारे ५० किलोंनी जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा कडक. उष्णता जास्त, म्हणून रेडिएटर रुंद. पॉवरग्लाइडच्या जागी टर्बो ४०० गिअरबॉक्स, त्यामुळे त्याचा खालचा आधार मागे सरकला आणि प्रोपेलर शाफ्टही नवा. मागचा १० बोल्टचा डिफरन्शिअल काढून १२ बोल्टचा. पुढे डिस्क ब्रेक, आणि माझं विचाराल तर हे काम इंजिनाच्या आधी व्हायला हवं. लोक पैसे संपेपर्यंत इंजिनावर ओततात आणि ड्रम ब्रेकवर गाडी रस्त्यावर आणतात.

[दृश्य: इंजिन पहिल्यांदा सुरू होतं]

पहिल्यांदा सुरू केल्यावर याला हळू फिरू द्यायचं नाही. जुन्या धाटणीच्या कॅमशाफ्टला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) तेल मिळतं ते फिरत्या क्रँकने उडवलेलं, म्हणून वीसेक मिनिटं मिनिटाला २००० च्या वर फेरे ठेवायचे. तेलही जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं. आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी करतात, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून. इथे कन्व्हर्टरच नाही.

पुढच्या पत्र्यावर बिल्ला मालिबूचाच राहिलाय. एसएसचे बिल्ले बाजारात हवे तेवढे मिळतात, पण मालकाने ते आणले नाहीत. ३०७ तेलाचा हात फिरवून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवलंय. उद्याच्या गिऱ्हाइकाला मूळ इंजिन हवं असू शकतं. ॲव्हरेज? लिटरला जेमतेम चार किलोमीटर, तेही ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला तर.