चेहरा सोडा, बिछाना बघा! लघुचित्रातली नायिका ओळखायची कशी?

नमस्कार! राजस्थानी आणि पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याकडच्या, लघुचित्रांतल्या नायिकांवर बोला, बोला, असा धोशा चाललाय, तर आज तेच. आणि प्रत्येक व्हिडिओखाली ठरलेली एक कॉमेंट असते: ‘सगळ्या बायका सारख्याच दिसतात, चेहऱ्यावर काही भावच नाहीत.’ बरोबर आहे! भाव चेहऱ्यावर नाहीतच. तिथे शोधत बसलात तर दमाल.

प्रेमातल्या अवस्थेवरून नायिकेचे आठ प्रकार, त्यांची नावं पटकन उरकू. स्वाधीनभर्तृका (प्रियकर जिच्या मुठीत), वासकसज्जा, विरहोत्कंठिता, विप्रलब्धा, खंडिता, कलहांतरिता, प्रोषितभर्तृका (प्रियकर जिचा परगावी), अभिसारिका. यादी भरताच्या नाट्यशास्त्रातली. ओरछ्याच्या केशवदासांनी १५९१ साली ‘रसिकप्रिया’ या काव्यग्रंथात ती ब्रजभाषेत मांडली, आणि मेवाडपासून कांगड्यापर्यंतच्या चित्रशाळांना हक्काचा मजकूर मिळाला. झालं.

चेहरे सारखे का, त्याचं एक कारण अगदी कारागिरीचं आहे. हरणाच्या पातळ कातड्यावर आकृती गिरवायची, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची आणि त्यातून कोळशाची पूड कागदावर उतरवायची. हा खाका. एकच खाका चित्रशाळेत पुन्हा पुन्हा वापरला जायचा. मग राग, वाट बघणं, हिरमोड हे सगळं दाखवायचं कशात? अंगातल्या दागिन्यांत, बिछान्यात, झाडांत, आभाळात.

आता जिथे सगळे घसरतात ती जागा. एकटी बाई दिसली की लगेच ‘विरहिणी’ असं लिहून मोकळे! थांबा जरा.

(दोन पहाडी चित्रं शेजारीशेजारी)

दोन्हीकडे रान, रात्र, झाडाखाली पानांची शेज, शेजेजवळ एकटी उभी बाई. डावीकडची विरहोत्कंठिता, उजवीकडची विप्रलब्धा. कशावरून? डावीकडची नटलेली आहे, सगळे दागिने जागच्या जागी. प्रियकर अजून येऊ शकतो. उजवीकडे हात बघा, झूम करतो. बाजूबंद दंडावरून निघतोय, हार आधीच जमिनीवर पडलाय. तो येणार नाही, हे तिला कळून चुकलंय.

तेच शेजेवरून बघा. पानं दोन्हीकडे न चुरगळलेली आहेत. म्हणजे नुसत्या शेजेवरून निकाल लागत नाही, दागिन्यांकडे परत यावंच लागतं. शेजेचा उपयोग तिसरी वेगळी काढायला होतो. बिछाना घरात असेल, चादर-लोड नीट मांडलेले आणि ती दारात वाट बघत असेल, तर ती वासकसज्जा.

आणि आता वेळेवरून. वासकसज्जेची भेट अजून घडायची आहे, विरहोत्कंठितेची लांबत चाललीय, विप्रलब्धेची घडलीच नाही. मनःस्थिती तीन, खाका एक! म्हणून पुन्हा सांगतो, आधी दागिने, मग शेज, चेहरा सगळ्यात शेवटी.

खंडिता आणि कलहांतरिता यांना तुम्ही सरसकट ‘भांडण’ म्हणता. खंडितेकडे तो सकाळी उगवलाय, समोर उभा राहून बोलणी खातोय. काही चित्रांत त्याच्या ओठाला दुसरीचं काजळ आणि कपाळाला तिच्या पायाचा अळता लागलेला असतो, तो कुठून आला हे सांगायला नकोच. कलहांतरितेत तो पाठ फिरवून निघालाय, आणि ही आता पस्तावतेय. त्याची पाठ दिसते की तोंड, एवढं बघा, पुष्कळदा काम होतं.

अभिसारिका, म्हणजे रात्री प्रियकराला भेटायला निघालेली, सोपी. काळोख, पाऊस, सोनेरी रेघेची वीज, पायाशी साप, कधी भुतंसुद्धा. एवढं सगळं भोवती, आणि चेहरा? तसाच शांत! पण साप दिसला म्हणून उडी मारू नका. टेकडीवर झाडाखाली बसलीय, मोरपिसांचा घागरा आहे आणि अंगाखांद्यावर साप खेळतायत, तर ती रागमालेतली, म्हणजे राग-रागिण्यांच्या चित्रमालिकेतली, आसावरी रागिणी. वीणा आणि हरणं असतील तर तोडी. नायिकांची यादी वेगळी, रागमाला वेगळी.

आता ‘बणी-ठणी’ हे राजस्थानातलं गाजलेलं चित्र. ‘भारताची मोनालिसा’ हे बिरुद तिला कोणी चिकटवलं कोण जाणे, पण आता पुरे करा! अठराव्या शतकाच्या मध्याला किशनगडच्या निहालचंदाच्या नावावर असलेलं हे चित्र. १९७३ साली ते टपाल तिकिटावरही आलं. त्या लांब, कानाकडे ओढलेल्या डोळ्यात ‘गूढ वेदना’ शोधणाऱ्यांनी किशनगडचाच कृष्ण बघावा. त्याचाही डोळा तसाच आहे. ती शैली आहे हो, वेदना नव्हे!

शेवटची विनंती. ‘ही कोणती नायिका?’ म्हणून फोटो पाठवता, तेव्हा चित्राची मागची बाजूही पाठवा, मिळत असेल तर. पुष्कळ पहाडी चित्रांच्या पाठीवर त्या नायिकेच्या वर्णनाचा छंदच लिहिलेला असतो, देवनागरीत किंवा टाकरी या पहाडी लिपीत. आणि कडा कापून फोटो पाठवू नका! तो पडलेला हार बहुतेक वेळा खालच्या कडेलाच असतो.